आवळे आणि वाकडी पिल्लं

आवळा किसल्याचा वास आला की तलमडुगूचं आमचं शेततळं आठवतं. माशांच्या पिल्लांच्या पाठी इतक्या वाकल्या होत्या, की ती पोहताना स्वतःचीच शेपटी चावायची. मत्स्यखात्याच्या बाई म्हणाल्या, खाद्य जुनं झालंय, त्यातलं क जीवनसत्त्व उडालंय. बायकोला तेव्हा डोहाळे लागलेले. तिच्यासाठी आणलेले पोतंभर आवळे तिनं किसून कोंड्यात मळले. "काऊन वं, तुले आणले ना?" "आधी या लेकराइले. पाठी वाकून राह्यल्या त्याइच्या." वाकलेली तशीच राहिली, पण बाकीची एवढी सरळ वाढली, की वळायला विसरून बांधावर धडकायची! मी खिशात लपवलेला एकच आवळा तिला दिला. अर्धा तिनं खाल्ला, अर्धा तळ्यात टाकला. आज आमची लेकही आवळ्याचा पहिला तुकडा तळ्यात टाकते. तिला हे कुणी शिकवलं नाही, आणि ही थाप नाही.