भंडाऱ्याबाहेरच्या बायका

हिंगोलीच्या जिनात कापूस घालणाऱ्या बायकांत शकुबाईचा आवाज सगळ्यांत मोठा. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या खडखडाटात तिचे कान अर्धे गेले होते. ती कुजबुजली तरी फाटकावरचा पहारेकरी वळून बघायचा. कुरुंद्याहून लग्न होऊन ती इथं आली, नवरा पटकीत गेला आणि सुतक फिटताच ती रेच्यापुढं जाऊन बसली. कापूस आत जाई, रुई पुढं येई, सरकी खाली पडे. हवेत पांढरा धुरळा तरंगत राही.

लेकरं बाहेर कापसाच्या ढिगाआड झोपवलेली असत. रेचा चालू असताना उठायचं नाही, हा मुकादम तातेरावचा दंडक. दुधानं चोळ्या भिजत, बायका कापूस घालत राहत. शकुबाईला मूलबाळ नव्हतं. तरी शेचाळीस सालच्या हंगामात मागणी तिनंच काढली. दुपारी रेचे थांबवा, लेकरांना पाजू द्या. नाहीतर संप.

कामगार संघाच्या माणसांनी सांगितलं, सभा घ्या. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे, आणि ती मिळत नसे.

"चंपाषष्ठीला खंडोबाम्होरं बसाया कोन्या अंमलदाराला इचारावं लागते वं?" शकुबाई म्हणाली.

बायका देवळात जमल्या. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, तळी भरली, आणि तिथंच प्रत्येकीनं बेलभंडारा उचलून शपथ घेतली: मागणी मान्य होईस्तोवर जिनात पाऊल टाकणार नाही. खंडोबाची शपथ मोडणारी बाई त्या मुलखात नव्हती. शकुबाई निर्धास्त घरी गेली.

सकाळी भोंगा झाला आणि रेचे सुरू झाले.

ती धावत फाटकाशी आली. आत कयाधू नदीपलीकडच्या तांड्यातल्या बंजारा बायका बसल्या होत्या. हंगामभर त्या तिच्याच रांगेत असत. भंडारा उचलताना मात्र कुणालाच त्यांची आठवण झाली नव्हती.

"काय शकुबाई," तातेराव मिशीत हसला, "तुमच्या देवानं सगळ्यायला सांगितलं न्हाई वाटते?"

तेवढ्यात तांड्यातली पेमा पोर पाठीशी बांधून आत निघाली. शकुबाईनं तिचा हात धरला.

"काहून चाललीस पेमा? तुजं लेकरू बी उपाशीच ऱ्हाते ना?"

"मला कोनं इचारलं? तुमी बसलात, जेवलात, ठरवलंत. आमी काय कापसातला कचरा?"

"चुकलं."

"मोठ्यानं म्हन. एरवी तर गावाला ऐकू जाते तुजं."

"चुकलं," शकुबाई सगळ्यांदेखत ओरडली. "आता तरी उचल भंडारा."

"तुमचा भंडारा आमाला बांधत न्हाई. नायक बोलला की तांडा बोलला. त्याच्याकडं चल."

शकुबाई तडक निघाली. मागून काही बायका आल्या, पण तांड्याशी पोचताच घुटमळल्या. नायक प्रेमसिंगनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी-ठेचा मागवला.

"आमच्या पंचायतीत आलेला मानूस उपाशी उठत न्हाई," तो म्हणाला.

तांड्यातलं अन्न त्या बायकांपैकी कुणीच कधी खाल्लं नव्हतं. शकुबाईनं भाकरी मोडली, खाल्ली, वर आणखी ठेचा मागितला. मग एकेक करून बाकीच्याही खाली बसल्या.

प्रेमसिंगनं तांड्याचा शब्द दिला आणि तो त्यांच्यासोबत जिनावर आला. पेमा आत शिरली आणि एकेकीच्या खांद्याला हात लावत गेली. बायका उठल्या. रेचे काही वेळ रिकामेच घुमले, आपलेच दात खात असल्यासारखे. मग तेही थांबले.

मालकाचा निरोप आला: शकुबाईनं एकटीनं आत यावं.

"एकटी कशी येऊ?" ती म्हणाली. "आमी तिघं हावोत. मी, पेमा नि नायक."

ऊन कलायच्या आत मालक स्वतःच फाटकात आला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेचे थांबले. तातेराव तेवढा वेळ पाठ करून उभा राहिला.

अठ्ठेचाळीसपर्यंत दुसऱ्या जिनांतल्या बायकाही संघात आल्या. नव्या ठिकाणी संपाची गोष्ट निघाली की शकुबाई आधी विचारी, "तितं कोन कोन बसते?" सांगणारीनं सगळ्यांची नावं घेतली की ती पुन्हा विचारी, "आनखी कोन?"