नरसाक्काचं ‘बेअर’

शाळेत दुपारचा तास चालू होता. दवाखान्यातली आया वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि पदराने तोंड पुसू लागली. माझी मैत्रीण नरसाक्का तिथेच विषमज्वराने आजारी आहे हे मला ठाऊक होतं. आदल्या रविवारी मी भेटायला गेले, तेव्हा ती ग्लानीत तेलुगूत काहीतरी पुटपुटत होती. मुलींना वाचत बसायला सांगून मी बाहेर आले. “सकाळीच गेल्या. झोपेतच,” आया म्हणाली. बाहेर सोलापूरचं ऊन असं पसरलं होतं, की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. दूर कुणाचा तरी हातमाग चालू होता... या गोष्टीला आता दीड महिना होत आला. तरी दुपार कलली की वाटतं, आपल्या जिन्यावर तिची पावलं वाजतील.

फार वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी ती पहिल्यांदा वर आली होती. आमच्या शेजारी तिचं सासर. तेलुगू विणकरांचं घर, दिवसभर हातमागाची खटखट. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा तापाने गेला. त्याच्यामागे जन्माला आलेलं मूलही राहिलं नाही. तेव्हापासून ती खाली मान घालून मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि त्याची मला जरा ऐटही होती. बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकवतात, पण थोडं इंग्रजी यावं लागतं, असं तिच्या कानावर आलं होतं. वयाने मोठी असून ती मला म्हणाली, “मला शिकीव की, शांताबाई.”

सासूचा डोळा लागला की ती यायची. चित्रं बघून तिने शब्द पाठ केले. बेअर म्हणजे अस्वल, हा त्यातलाच एक. मग एक दिवस धड्यात वाक्य आलं, “द ट्री बेअर्स फ्रूट.” ती थबकली.

“झाडाला अस्वल लागतंय व्हय?”

मला हसू आवरेना. तीही पदर तोंडाशी धरून हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी समजावू लागले. झाडाला फळ धरतं ते बेअर. ओझं वाहणं, तेही बेअर. दुखणं सोसणं, तेही तेच. आणि बाई मूल जन्माला घालते, त्यालाही हाच शब्द.

“येवड्या सगळ्याला येकच? लई कंजूष हाईत की.”

“दुसरेही आहेत,” मी म्हणाले. “ओझ्याला कॅरी म्हणतात. सोसण्याला सफर, एंड्युअर... स्टँडसुद्धा चालतं.”

“स्टँड म्हंजे हुबं ऱ्हाणं न्हवं?”

“तेही.”

“म्हंजे सोसायचं तर हुबं ऱ्हायाला पायजे,” ती स्वतःशीच म्हणाली. मग बराच वेळ खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघत राहिली. त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते... “आनि पोर जगलं न्हाय, तर? तवा कुटला शब्द?”

“हाच.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली. “त्यांच्यात ते पोर मोजलं जातंय.”

तिच्या घरात त्या बाळाचं नाव कुणी काढत नसे, हे मला त्या वेळी समजलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तिला भेटायला बोलावलं. रक्त, घाण, रात्रीची जागरणं, सगळं सांगून त्यांनी विचारलं, “कॅन यू बेअर इट?” नरसाक्का परत आली आणि पुढचं तिने मला सांगितलं. “मी इचारलं, विच बेअर, मॅडम?” मॅडम हसल्या. तुला कुठले ठाऊक आहेत, म्हणाल्या. हिने अस्वलापासून सुरुवात करून एकेक सांगितला. शेवटचा आला तेव्हा तिच्याने पुढचं इंग्रजी जुळेना. स्वतःच्या पोटावर हात ठेवून ती म्हणाली, “आय बेअर. नो लिव्ह.” मॅडम हसायच्या थांबल्या. सोमवारपासून ये, म्हणाल्या.

सासूने निक्षून सांगितलं, गेलीस तर या घरात परत पाऊल टाकू नकोस. सोमवारी सकाळी नरसाक्का सासूच्या पाया पडली आणि गेली. दवाखान्याच्या आवारातच राहू लागली. पुढे धाकटी जाऊ बाळंतपणात अडली, तेव्हा तीच सासू फाटकाशी येऊन उभी राहिली. नरसाक्काने एका शब्दानेही मागचं काढलं नाही. जावेची सुटका झाल्यावर सासूने तिला आपल्या हाताने जेवू घातलं.

गिरणीतल्या एका इंग्रज साहेबाची बायको तिथे बाळंत झाली, ती हकिकत ती फार रंगवून सांगे. मडम सारखी ओरडत होती, “आय कांट बेअर इट.” “कुटला बेअर म्हनती, मला कळंना,” नरसाक्का म्हणायची. “मी म्हनलं, मडम, यू बेअर, देन यू बेअर.” आधी सोस, मग बाळ होईल. वेणांच्या मधल्या उसंतीत ती बाई खुदकन हसली म्हणे. उजाडता उजाडता मुलगी झाली... हे सांगताना नरसाक्का डोळे मिटून घ्यायची, आणि मला वाटायचं, तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे ती मडमेची मुलगी नसणार.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला त्याच दवाखान्यात नेलं. खाटेजवळ एक कोवळी, अनोळखी नर्स होती. कळ आली तशी भाचीने तिची बोटं पकडायला हात पुढे केला. नर्सने बोटं अलगद मागे घेतली आणि आपलं मनगट तिच्या मुठीत दिलं. बोटं पिळवटतात, मनगट टिकतं. ही युक्ती नरसाक्काची; ती नेहमी असंच करायची. कळ ओसरल्यावर मी त्या मुलीला विचारलं, “हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही,” ती म्हणाली. “इथं असंच देतात.”

ती पंधरवड्यापूर्वीच कामावर आली होती. नरसाक्काला तिने पाहिलंही नव्हतं.