पाण्याकडे पाठ करून पाहिलेली अमेरिका

निखिलकडून, म्हणजे माझ्या मुलाकडून, आणलेली चॉकलेटं लाखनीत आठवड्यात संपली. किस्से मात्र अजून संपत नाहीत! शेजारणी विचारतात, "काय काय पाहून आली वो?" आणि मी सुरू होते.

नातू झाला म्हणून आम्ही दोघी विहिणी एकदमच ऱ्होड आयलंडला गेलो होतो. पहिल्याच दिवशी निखिलने नकाशा उघडला. "अमेरिकेतलं हे सगळ्यात छोटं राज्य. आपल्या भंडारा जिल्ह्याएवढं!"

विहीणबाईंनी चष्मा वर केला. "गोंदिया वेगळं झालं, ते धरून का सोडून?"

"सोडून."

"मंग लहानच आहे!"

एका रविवारी समुद्राकाठचे जुन्या शेठ लोकांचे महाल पाहायला गेलो. संगमरवरी जिने, सोन्याचा मुलामा दिलेली छतं! आणि हे सगळं फक्त उन्हाळ्यात राहायला. मी तर तोंड उघडं ठेवूनच फिरत होते.

विहीणबाई म्हणाल्या, "बाकीचं वर्षभर झाडत कोण होतं?"

रश्मीने, म्हणजे माझ्या सुनेने, ते हसत हसत गाईडला इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही. आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला आणि नोकरांचा अंधारा, अरुंद जिना दाखवला. विहीणबाईंना सगळ्या महालात तेवढाच आवडला!

बीचवर तर कमालच झाली. सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेले आणि विहीणबाई पार्किंगकडे!

"आई, समुद्र तिकडे आहे," रश्मी म्हणाली.

"मले मालूम आहे. मी गाड्या पाहून राहिली."

आम्ही खूप हसलो. रश्मी हसली नाही. रात्री भांडी आवरताना ती मला म्हणाली, "गोसीखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं ना, तेव्हापासून आई मोठ्या पाण्याकडे पाहतच नाही. पुनर्वसनाच्या घरून धरण दिसतं, तर तिकडची खिडकीसुद्धा उघडत नाही. इथून जाण्याआधी तिनं एकदा तरी पाण्याकडे नीट पाहावं, एवढंच मला वाटतं."

मी ठरवलं, सुनेचं काम आपणच करायचं. पुढच्या रविवारी बेटावर जायला मोठ्या बोटीत बसलो. बोट मधोमध आल्यावर मी म्हटलं, "विहीणबाई, आता चारही बाजूंनी पाणी! आता कुठे पाहता?"

त्यांनी माझ्या मांडीवरचा नातू उचलला. "याच्याकडे!"

जाताना आणि येताना, दोन्ही वेळा बाळ त्यांच्याकडेच. मला हातसुद्धा लावू दिला नाही!

शेवटच्या रविवारी निखिलने हार मानली. "आज समुद्र नाही. फक्त जंगल आणि लाल पानं." विहीणबाई खूश होत्या. पण चालता चालता झाडी संपली आणि समोर मोठा तलाव! रश्मीने आईचा दंड धरला. "चल आई, गाडीत बसू."

विहीणबाई हलल्या नाहीत. झाडांमधून दगडांचं एक जुनं कुंपण येत होतं आणि सरळ पाण्यात उतरत होतं.

"पाण्यात कोणी कुंपण घालते का? याच्या खाली गाव आहे."

निखिल म्हणाला, "असं काही नसेल."

तिथे एक गोरी आजीबाई कुत्र्याला फिरवत होती. रश्मीने तिलाच विचारलं. ती म्हणाली, हो, शहराच्या पाण्यासाठी हा तलाव केला, तेव्हा गाव उठवलं. तिच्या आजीचं घर तिथेच होतं.

"तिले इचार, दारात झाड कोणतं होतं?"

"सफरचंदाचं," आजीबाई म्हणाली.

"आमच्या दारात मोह होता. सांग तिले."

रश्मीने सांगितलं. मोह कसा समजावला कोण जाणे! आजीबाईने विहीणबाईंचा हात धरून त्यांना काठाशी नेलं आणि पाण्याकडे बोट करून इंग्रजीत काहीबाही सांगू लागली. रश्मी मागेच राहिली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

बराच वेळ झाला. बाळ रडायला लागलं. निखिलने सासूबाईंना हाक मारली, "आई, निघायचं का?"

विहीणबाईंनी मान वळवली नाही.

"थांबा ना, जवाईबापू! ते घर दाखवून राहिली."