शत्रूच्या विमानासाठी केलेली सही

मलकापूरला मामांच्या घरी राहून मी कॉलेज पूर्ण केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. कवठे महांकाळच्या शाळेतून आलेला मी इंग्रजी वाचायचो, पण समजायचं थोडंच. मामा हवाई दलातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ते मला अर्थ सांगायचे. त्याच दिवसांत त्यांनी विमानाची गोष्ट सांगितली होती.

लढाईत शत्रूचं एक विमान जवळजवळ शाबूत हाती लागलं. ते कसं वळतं, कुठं कमी पडतं हे कळावं म्हणून आपल्याच वैमानिकानं ते उडवून बघायचं ठरलं. त्याचं माहितीपुस्तक नव्हतं. आपले पाने त्याच्या नटांना बसत नव्हते. मामा आणि सोबत्यांनी पाने घासून बसते केले, एकेक नळी चाचपून ती कुठून कुठं जाते ते वहीत काढलं. पंखांवरची शत्रूची खूण पुसून आपली रंगवली. ज्यानं विमान तपासलं, त्यानं उड्डाणाआधी रजिस्टरवर सही करायची, ही तिथली रीत. ती सही मामांनी केली होती.

गेल्या वर्षी मामांच्या गावातल्या माजी सैनिकांनी स्मरणिका काढली. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला. गावातले बहुतेक माजी सैनिक पायदळातले. मामांना ते लाडानं 'पानेवाले' म्हणायचे. मामांबद्दल लिहिताना मी त्या विमानाचा शोध घेतला. मोबाईलवर, दोन ग्रंथालयांत, कुठंच काही सापडलं नाही. खोटं ठरलं तर लोक मला हसतील, एवढाच विचार मनात आला. मामांना विचारलंसुद्धा नाही. 'हवाई दलात तांत्रिक विभागात सेवा' असं लिहून मी मोकळा झालो.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात मामांनी आपलं पान वाचलं, स्मरणिका मिटून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत बसले. मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्यांनीच विषय काढला.

"इमानाचं गाळलंस?"

कुठं नोंद सापडली नाही, असं मी सांगितलं. त्यांनी कपातला उरलेला चहा बशीत ओतला.

"इमान परक्याचं, त्याचं पुस्तक न्हाई. तरी आमच्या पायलट सायबानं माझी सही बघितली आन शिडी चढला. एक प्रश्न इचारला न्हाई. तू तीन वर्सं माझ्या ताटाला ताट लावून जेवलास."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ऐंशीच्या घरातल्या या माणसाला आपल्या गावानं आपलं काम एकदा वाचावं, एवढंच हवं होतं.

पुरावा मला आजही मिळालेला नाही. मी शोधायचंच सोडलं. त्यांच्यासमोर बसून सगळं विचारून घेतलं, वेगळ्या कागदावर छापलं आणि स्मरणिकेच्या प्रतींत चिकटवायला मामांकडं घेऊन गेलो. खाली मामांच्या सहीसाठी जागा सोडली होती. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, तीनदा वाचलं. नळ्यांची एक चूक दाखवली. ती दुरुस्त करून पुन्हा छापून आणलं, तेव्हा पेन त्यांनी माझ्याकडं सरकवलं.

"माझी कशाला? ल्हिलंस तू. तूच कर."

स्मरणिकेत लिहिणारा म्हणून मी कुठंच सही केली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी एकेका कागदावर सही करत गेलो. मामा चिकटवलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होते. एखादी कड सुटलेली सापडली की प्रत परत माझ्यासमोर यायची. गावात वाटलेल्या प्रती घरोघर जाऊन दुरुस्त केल्या. काही जतला, पुण्याला पाहुण्यांकडं गेल्या आहेत. त्यांत मामा अजून नुसते 'तांत्रिक विभागात' आहेत. ते पाहुणे गावी यायचे असले की त्यांना प्रत सोबत आणायला सांगतो आणि सहीचा कागद खिशात ठेवून मी मलकापूरला जातो.