हरलेल्या गड्याचे केस

काल आखातातल्या खोर फक्कानहून अंकुशचा फोटो आला. तुळतुळीत डोकं, आणि खाली एक अक्षर नाही.

पूर्वी आम्ही दोघं शारजात एकाच खोलीत राहायचो. तो कोल्हापूरकडचा, तालमीत वाढलेला. शुक्रवारी सुट्टी असायची. सकाळी चहा घेत मोबाईलवर मेक्सिकोतल्या कुस्त्या बघायचो. एकदा केसांची कुस्ती होती, हरेल त्याचं तिथंच सगळ्यांसमोर मुंडण. अंकुश पेटला. म्हणाला, "आपला गडी हरला तर मी पण डोकं करतो!"

कुस्ती कसली, पोरखेळ. तिसराच कोणीतरी मधे घुसला, त्यानं मागून खुर्ची हाणली आणि अंकुशचा गडी चीतपट. बरं, कापायला त्या गड्याच्या डोक्यावर केस तरी कुठं होते? निम्मं टक्कल आधीच पडलेलं.

"खलास! ही काय कुस्ती झाली? सोड," मी म्हणालो.

"शब्द दिलाय," म्हणत तो गच्चीवर पालथ्या बादलीवर बसला आणि मशीन माझ्या हातात दिलं. गरम वाऱ्यानं केस उडून आमच्याच तोंडावर येत होते. हसून हसून पुरेवाट झाली.

मग त्यानं हौसेनं आईला व्हिडिओ कॉल लावला. ती किंचाळलीच, "आरं मुडद्या, तुझा बा जित्ता हाय अजून!" मागं त्याचे वडील खो खो हसत होते.

कालचा फोटो मी मोठा करून पाहिला. कानामागं केसांची एक पट्टी तशीच राहिलीय. रजा मिळाली नसावी, आणि मशीन धरायलाही कुणी नसावं.

या खेपेला आई ओरडली नसेल.