नकली गवतावरचा सडा

लालीबाई राठोड पडली ती स्वतःच्या अंगणात. उसाच्या फडात नाही, शेताच्या बांधावर नाही. उंबऱ्याच्या पुढ्यात, काळ्या मातीच्या रेंद्यात पाय सटकला आणि खुबा मोडला.

लोक म्हणाले, वय झालं. वय कशाला बदनाम करता? बोरी अरब गावाच्या अलीकडच्या या तांड्यात सिमेंटचा रस्ता झाला, मग त्याच रस्त्याच्या डोक्यावर दुसरा रस्ता झाला. जुना खोदायची तसदी कोणी घेतली नाही. रस्ता वर चढत गेला, घरं खाली राहिली. नाली फक्त कागदावर वाहिली. पाणी सारं अंगणात, आणि काळी माती पाणी खाली जाऊ देत नाही, फुगते आणि धरून बसते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात लोणी. उद्घाटनाला आले त्यांच्या गळ्यात हार पडले. लालीबाईच्या खुब्यात सळई पडली.

डॉक्टर म्हणाला, पुन्हा पडली तर उभी राहणार नाही. नवरा खेमसिंग कधीचाच गेलेला. एकुलता मुलगा प्रेम आणि सून वर्षा नागपुरात. घरी ही एकटी.

"याडी, चाल आता नागपूरले," प्रेम आईला म्हणाला. "इथं कोन पाहीन तुले?"

"तिथं जाऊन काय पाहू? तुह्या खिडकीसमोरची भिंत?" लालीबाई तोंडाची फटकळ. पण पोराच्या डोळ्यातली भीती तिला दिसली. मग हळू बोलली, "अंगण नीट करून दे. पावसात मी एकटी रस्त्यापर्यंत गेली तर इथंच राहीन. नाही गेली, तर मुकाट्यानं येईन."

प्रेमचं कामच मैदानांवर नकली गवत अंथरायचं. एका मैदानाचं जुनं गवत ठेकेदार फेकून देणार होता, ते त्याने मागून घेतलं. उन्हाळ्यात टेम्पो तांड्यात आला. हिरव्यागार गुंडाळ्या पाहून शेजारचा चुलत दीर फुलसिंग दारातूनच ओरडला, "भोजाई, बकऱ्या सोडू का चारायले?"

"सोड. प्लास्टिक खाऊन दूध देतील तं मले कपभर आणून दे!"

पण प्रेमने गवत लगेच अंथरलं नाही. काळ्या मातीवर नुसतं गवत टाकलं तर वर हिरवं आणि खाली दलदल, हे तो कामावर शिकला होता. फुलसिंगला हाताशी घेऊन त्याने आधी माती खोदून काढली. तळाला घराच्या मागच्या नाल्याकडे उतार दिला, भोकाचा पाइप टाकला, त्यावर गिट्टी, त्यावर मुरूम, धुम्मस मारून दाबला. रस्त्याच्या बाजूने मुरमाचा बांध घातला, त्यावरून वर चढायला सौम्य चढण केली. जे काम ग्रामपंचायतीचं, ते पोराने सुट्टी टाकून केलं. मग सगळ्यावर गवत. त्याच्या पाठीला बारीक भोकं असतात. पाणी त्यातून खाली जातं, मुरमातून पाइपात, पाइपातून नाल्यात.

प्रेम आणि वर्षा नागपूरला परतले. पावसाळा लागला आणि फुलसिंगचा फोन आला. "तुह्या गवतावर पाणी साचून राह्यलं बे. भोजाई उंबऱ्यातून हालत नाही."

प्रेम आला तो तणतणत, मागोमाग वर्षा. पाइप पाहिला, मोकळा. उतार पाहिला, बरोबर. मग खाली बसून गवतात बोटं घातली आणि थांबला. पात्यांच्या बुडाशी शेणाचा थर बसला होता. पापुद्र्यावर पापुद्रा चढून घट्ट झालेला. भोकं सारी बुजलेली.

"याडी! हे काहून?"

लालीबाई उंबऱ्यात बसून होती. "सडा टाकत होती."

"प्लास्टिकवर सडा? डोकं फिरलं का तुहं? कोनी सांगतलं तुले?"

"सांगायले कायले पाहिजे?" तिचा आवाज चढला आणि मध्येच मोडला. "तुहा बाप गेला तवा या दारात सडा नव्हता. सुतक फिटेपर्यंत अंगण कोरडं. जाणारा-येणारा पाहून समजे, या घरचं मानूस गेलं. तुहं गवत टाकलं अन् पहिल्याच दिवशी मले तसंच दिसलं. मी जित्ती हाये ना रे अजून?"

प्रेमने बोटांना लागलेलं शेण पाहिलं. फुलसिंगकडून शेणाची पाटी मागून आणायची, काठी टेकत सगळ्या अंगणावर हात फिरवायचा, हे ती मोडक्या खुब्यानिशी पाऊस लागेपर्यंत रोज करत होती. आणि त्यानेच आपल्या येण्याजाण्याची वाट बुजवत होती.

शेवटी वर्षा बोलली. "याडी, सडा साऱ्याच अंगणाले लागते का? उंबऱ्यापुढं जागा ठेवली तर?"

लालीबाई भिंतीला धरून उठली. मग काठीने दाखवलं, "इथून इथवर. टीनाच्या खाली."

प्रेमने उंबऱ्यापुढचा पट्टा कापून काढला, खाली माती भरून चोपली. टीनाच्या पुढे आलेल्या छपराखाली ती जागा, पाऊस तिथे पोचत नाही. उरलेलं गवत कडेपासून उलटून त्याने आणि वर्षाने पाठीकडून घासलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या. शेण-पाणी खाली गेलं ते गढूळ होऊन मागच्या नाल्यात निघालं. पुन्हा गवत बसवलं.

निघायचा दिवस उजाडला तो धो-धो पावसात. तिचं काय होणार हे ठरलं नव्हतं, म्हणून वर्षाने सासूची पातळं गाठोड्यात बांधून ठेवली. लालीबाईने उंबऱ्यापुढे सडा टाकला, हात धुतले, काठी घेतली. वर्षा धरायला पुढे झाली.

"हात नको लावू."

पाणी गवतावर पडत होतं आणि जिरत होतं. ती पाय उचलून टाकत नव्हती, घासत नेत होती. भीती अजून खुब्यात होती. मध्यावर थांबली. मग चढण चढली, रस्त्यावर उभी राहिली, भिजत. आजूबाजूच्या अंगणांत तळी साचली होती. फुलसिंगची बायको गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून चिखलातून पाण्याची घागर आणत होती. लालीबाई तिच्याकडे पाहत राहिली. हसली नाही.

परत आली. पायाला चिखल नव्हता, तरी सवयीने पायपुसण्यावर पाय पुसले. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली.