कोरं कापड घेऊन नागपूरला गेलो

तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्या होत्या. मी अन् माझी सहा वर्षांची नात अंगणात बसून खात होतो. दाणे ती खायची, टरफलं माझ्यापुढं टाकायची. "आबा, तुले दात नाईत, चावत बस!" तोच आमचा शेवटचा साधा दिवस. मग तिचं डोकं दुखणं, उलट्या, नागपूरला ऑपरेशन. मेंदूतली गाठ काढली, पण पोरगी राहिली नाही. बायको आधीच गेलेली, आता हीही.

काही दिवसांनी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईचा फोन आला. त्या गाठीचा तुकडा त्यांनी काचेत जिवंत ठेवला होता. त्यावर नवं औषध तपासून पाहायचं, म्हणून घरच्यांची परवानगी पाहिजे. माझं डोकंच फिरलं. पोरगी मातीत, अन् तिला खाणारी गाठ जिवंत? ते तिचं अंग म्हणावं की तिचा वैरी? आमच्यात लेकरू पुरतात, अन् अख्खं पुरतात. माझा मुलगा, पोरीचा बाप, म्हणाला, "बापू, तुम्ही म्हणसान तसं." मी म्हटलं, तुकडा घरी आणून पोरीजवळ पुरू. कोरं पांढरं कापड अन् हळद घेऊन आम्ही बापलेक दिग्रसहून बसनं निघालो. वाटभर जगदंबेला विचारलं, माय, बरोबर करतो का?

दवाखान्यात बाकावर मारेगावकडची एक बाई बसली होती. मांडीवर डोक्याला पट्टी बांधलेलं लेकरू. त्याला भडभडून उलटी झाली. "बाबाजी, फडकं द्या ना! पाह्यत काय राह्यले?" माझा हात आपसूक पिशवीत गेला अन् कोरं कापड तिच्या हातात दिलं. तिनं तोंड पुसल्यावर मी हादरलो. म्हटलं, "बाई, ते पुरायसाठी आणलं होतं वं." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं अन् कोरडी बाजू लेकराच्या डोक्याखाली घातली. "लेकराच्या तोंडाले लागलं, आता पुरता कायले? धुवून वापरीन." लेकरू त्याच्यावर झोपलं.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईला सरळ विचारलं, "याच्यानं बाहेरचं लेकरू वाचते का?"

"सांगता येत नाही, आबा. ही नुसती सुरुवात आहे. औषध निघेलच असंही नाही."

"मंग कायले करता?"

"पाहिल्याशिवाय कळणार कसं?"

माझे हात रिकामे होते. मुलाला म्हटलं, "कर सही."

त्या बाईचं नावही विचारलं नाही. मायनं पाठवली की असंच घडलं, मला कळत नाही. मी ठरवून गेलो होतो, ते मायनं हातातून काढून घेतलं, तिचे उपकार. सारं समजल्यावर सोडीन म्हटलं असतं, तर मरेपर्यंत धरून बसलो असतो.

पोरीला पुरलं त्या जागेवर अजून नुसत्या बोराटीच्या काट्याच होत्या; तुकडा आल्यावर पुन्हा उकरायचं म्हणून दगड रचले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजूला केल्या अन् दगड रचले.